तीन चेहऱ्यांची थीम

बाळंतपणाची वाढवून घेतलेली रजा संपायला नऊ दिवस उरले, तेव्हा सुनेत्राने सासूबाईंचा फोन हातात घेतला आणि त्यातलं दिसेल ते काढून टाकायला सुरुवात केली. हवामान काढलं, खेळ काढले, खरेदीची दुकानं काढली, बोट चुकून डावीकडे सरकलं की बातम्यांचा लोंढा यायचा तोही बंद केला. फोन नवऱ्याचा, वैभवचा, जुना होता, काच एका कोपऱ्यात तडकलेली. शेवंतीबाईंना त्यातलं काहीच नको होतं. हवं होतं ते सुनेत्राला, आणि तेही एवढंच: सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा आरोही आणि तिची आजी घरात दोघीच असणार, त्या वेळात काही झालं, तर प्रभादेवीच्या ऑफिसात आपल्या टेबलावरचा फोन वाजला पाहिजे.

चिंचपोकळीच्या चाळीत याची गरज पडली नसती. तिथे शेवंतीबाईंनी वैभवला वाढवलं ते हाकेवर. दारात उभं राहून एक आवाज दिला की चार दारांतून चार बाया यायच्या. चाळ पडली, त्याच जागी टॉवर उठला, आणि चिठ्ठ्या टाकून घरं वाटली तेव्हा यांच्या वाट्याला सतरावा मजला आला. चाळीतली ओळखीची म्हणावी अशी एक प्रिती, ती बाराव्यावर. इथली दारं आपोआप लागतात. पॅसेजमध्ये हाक मारली तर ती लिफ्टपर्यंतसुद्धा पोचत नाही.

आणि शेवंतीबाई गेल्या शिमग्यापासून विसरायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी पाहिलं, घड्याळ काढायला सांगितलं, आकडे सगळे एका बाजूला गोळा झालेले बघून म्हणाले, सुरुवात आहे. गोळ्या दिल्या. जाताना म्हणाले, त्यांचं रोजचं काही बदलू नका, तेवढं सांभाळा.

अशा बाईच्या हाती चौदा महिन्यांचं मूल सोपवायचं या विचाराने सुनेत्राची झोप उडाली होती. पण लालबागचं पाळणाघर दीड वर्षाच्या आतलं मूल घेत नव्हतं, आणि ऑफिसने स्वच्छ सांगितलं होतं की आणखी रजा हवी असेल तर टेबल दुसऱ्याला देऊ. चार महिने कसेतरी काढायचे होते. वैभव म्हणाला, आई आहे ना, मला नाही वाढवलं तिने? त्यात खोटं काही नव्हतं. आरोहीला मांडीवर घेतलं की शेवंतीबाईंच्या हातांना सगळं आठवायचं. तेल किती, पाणी किती कोमट, नाचणीचं सत्त्व किती पातळ, कुठे थोपटलं की डोळे मिटतात. सुनेत्रा दाराआड उभी राहून तासन् तास बघत असे आणि एक चूक सापडत नसे. तरी तिने कॅमेऱ्याचा विषय काढला. वैभवने ताटावरून मान वर केली.

"माझ्या आईवर कॅमेरा लावणार तू?"

तो विषय तिथेच मिटला, आणि फोन उरला.

आधी तिने मोठ्या ठळक अक्षरांत तीन नावं टाकली. शेवंतीबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या, एकेक अक्षर लावून वाचायच्या; घाईच्या वेळी ते जमणार नव्हतं. मग तयार चित्रं टाकली, एक बाई, एक पुरुष. शेवंतीबाईंनी विचारलं, ही टिकली लावलेली कोण? मग सुनेत्राने फोटोच टाकायचं ठरवलं. वैभवचा महाबळेश्वरचा फोटो, दाढी आणि काळा चष्मा, पुढे धरला तर त्या जरा घाबरूनच म्हणाल्या, "ह्यो कोण बुवा?" वैभव मोठ्याने हसला. 

त्यातूनच तिला युक्ती सुचली. ट्रंकेतून तिने वैभवचा नववीतला फोटो काढला, गणवेशातला, मिसरूडही न फुटलेला. शेवंतीबाईंचा चेहरा उजळला. "माझो झील," त्या म्हणाल्या. म्हणजे आत्ताची माणसं त्यांच्या हातून सुटत होती, जुनी घट्ट होती. मग स्वतःसाठी सुनेत्राने लग्नातला फोटो घेतला. मुंडावळ्या, नथ, हिंदमात्याला घेतलेला लाल शालू, गळ्यात निशिगंध-गुलाबाचा जाडजूड हार. "ही माझी सून," शेवंतीबाई लगेच म्हणाल्या, आणि कोणत्या मावशीने आहेरावरून रुसवा धरला होता तेही सांगितलं. प्रितीला त्या कशाही ओळखायच्या. तिचा पोपटी साडीतला एक घेतला.

पाठीमागे आधी आरोहीचा फोटो लावला होता, पण शेवंतीबाई तिच्या गालावरून बोट फिरवत बसायच्या आणि काहीतरी भलतंच उघडायचं. म्हणून साधा गडद निळा रंग. निळ्यावर तीन गोल चेहरे, बाकी काही नाही. कुठलंही बटण दाबलं तरी फिरून हेच समोर येणार, चेहरे जागचे हलणार नाहीत, आवाज कायम मोठा. स्वतःच्या फोनवर तिने या एका नंबरला वेगळी घंटी लावली, शाळेच्या मधल्या सुट्टीसारखी खणखणीत.

रोज निघताना तालीम व्हायची. आई, आरोही पडली, कोणाला लावणार? शेवंतीबाई सुनेच्या चेहऱ्यावर बोट ठेवायच्या, पर्समध्ये घंटी वाजायची.

"दहावीक पण एवढ्यो परीक्षा नसतत," त्या म्हणायच्या.

अडीच महिने बरे गेले. घंटी ऑफिसात दोनदाच वाजली. एकदा मीठ कुठे ठेवलंस म्हणून, एकदा आरोहीने भिंत धरून चार पावलं टाकली म्हणून. त्या दिवशी सुनेत्रा ऑफिसच्या जिन्यात जाऊन थोडी रडली आणि परत येऊन कामाला लागली.

श्रावणात एका सकाळी तालमीत शेवंतीबाईंचं बोट सुनेवरून घसरून प्रितीवर गेलं. चित्र डोळ्यांवर येतं, म्हणाल्या. मोतीबिंदू होताच. सुनेत्राने फोन हातभर लांब धरून बघितला आणि तिला पटलं: लाल शालू, लाल गुलाब, सोनं, सगळा एकच गोळा, त्यात चेहरा एवढासा. तिने त्या आठवड्यात वाचून काढलं. म्हाताऱ्या डोळ्यांना रंग कमी द्यावेत, उजेड आणि काळोख यांत फरक मोठा ठेवावा, कडा जाड असाव्यात. रविवारी आरोही झोपल्यावर ती नवी थीम करायला बसली.

आणि तिला त्यात गंमत वाटायला लागली. कॉलेजात भित्तिपत्रकाची सजावट तिच्याकडे असायची. दीड वर्षात दुपटी आणि औषधांच्या वेळा सोडून तिने मनासारखं काही केलं नव्हतं. तिन्ही फोटोंमधले रंग तिने काढून टाकले. काळ्या-पांढऱ्यात चेहरे एकदम पुढे आले. गोल कापल्यामुळे कपाळ जात होतं म्हणून चौकोन केले. काळी पार्श्वभूमी, आणि प्रत्येकाभोवती जाड तपकिरी चौकट, लाकडासारखी रेघ असलेली, कारण नुसता तपकिरी फारच सपाट दिसत होता. स्वतःच्या फोटोतला हार तिने जरा उजळ केला. त्याने चेहऱ्याला खालून उठाव येत होता.

वैभवने बघून म्हटलं, "भारी झालंय गं. एकदम क्लासिक."

तो हे म्हणाला तेव्हा ज्या भिंतीला टेकून बसला होता, त्याच भिंतीवर त्याच्या वडिलांचा, रघुवीरांचा फोटो होता. गिरणीच्या पासवरून मोठा करून घेतलेला, काळा-पांढरा, तपकिरी चौकटीत, वर चंदनाचा हार. घरात दुसरी फ्रेम नव्हती. दोघांपैकी कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नाही. रोजची भिंत होती ती.

सोमवारी तालमीला शेवंतीबाईंनी फोन हातात घेतला आणि नुसत्या बघत राहिल्या. सुनेत्राच्या पायात चपला होत्या.

"दाबा ना, आई."

त्यांनी दाबलं नाही. दोन बोटं काचेला लावून कपाळाला लावली. मग प्रितीला लावला. प्रितीने खालून उचलला, बरं काकी, लागला म्हणाली. संध्याकाळी सुनेत्राने त्यांचं बोट हातात धरून स्वतःच्या चेहऱ्यावर टेकवलं. घंटी वाजली आणि तिचं समाधान झालं. सवय व्हायला चार दिवस लागतातच.

त्यानंतर जे होत गेलं ते तिने पाहिलं, सगळं पाहिलं. शेवंतीबाई आरोहीला पूर्वीपेक्षा जास्त जवळ घ्यायला लागल्या. "गो बाये, मी आसंय तुका," असं पुन्हा पुन्हा म्हणायच्या. सुनेत्रा घरी आली की पदर सावरून बसायच्या, पाहुणीला विचारावं तसं चहा घेणार का विचारायच्या. एकदा फोनवर झेंडूचं फूल ठेवलेलं सापडलं. एका शुक्रवारी काचेवर कुंकू होतं, बरोबर तिच्या कपाळावर. सुनेत्राने ओल्या फडक्याने पुसलं आणि जरा वैतागूनच सांगितलं की आत गेलं तर फोन बिघडेल, असं नका करू. शेवंतीबाईंनी मान हलवली. डॉक्टर जी सुरुवात म्हणाले होते तीच ही, असं सुनेत्राने मनाशी धरलं. लक्ष ठेवायला तिच्याकडे पुष्कळ होतं. प्लगची भोकं बुजवायची, खिडकीच्या गजांना जाळी, बाथरूमची बादली रिकामी, नाणी आणि बटणं उंचावर. फ्रिजवर तिची यादीच होती. फुलाचं आणि कुंकवाचं तिच्या यादीत काही नव्हतं.

गणपती जाऊन आठवडा झाला होता. गुरुवारी सकाळी आरोहीचं अंग कोमट लागलं. सुनेत्राने औषध पाजलं, वेळ कागदावर लिहिली. रजा टाकावी असं तीनदा मनात आलं, पण तिमाही संपत होती, आणि साहेब एकदा बोलले होते. तिने सासूबाईंना दोन्ही खांद्यांना धरून समोर बसवलं. अंग तापलं तर फोन. रडायची थांबली नाही तर फोन. वेगळं काहीही वाटलं तर फोन. शेवंतीबाई होय होय म्हणाल्या.

दोन वाजता तिने टेबलावरचा फोन उलटा करून पाहिला. काही नव्हतं. अडीचला पुन्हा पाहिला. घंटी वाजली नाही म्हणजे घरी सगळं ठीक आहे, हे तिने इतक्या दिवसांत स्वतःला शिकवलं होतं. तिने डबा धुतला, एक फाइल संपवली.

तीनला पाच कमी असताना फोन आला तो प्रितीचा. प्रिती पळत बोलत होती.

पहिला फोन शेवंतीबाईंनी दोन वाजून बारा मिनिटांनी केला होता. प्रितीला. त्यानंतर आणखी आठ, सगळे प्रितीलाच. प्रितीचा फोन आतल्या खोलीत आवाज बंद करून चार्जिंगला लावलेला; जेवून ती पडली होती. उठून पाहिलं तेव्हा पावणेतीन झाले होते. सतराव्यावर दार उघडायलाच शेवंतीबाईंना वेळ लागला, कारण एका हाताने त्यांनी मुलीच्या नाकाशी फोडलेला कांदा धरला होता. आरोही ताठ झाली होती, डोळे वर गेलेले, ओठ निळे. तळपाय चोळून चोळून लाल केलेले होते. प्रितीने मूल उचललं आणि टॅक्सी केली.

परळच्या हॉस्पिटलात सुनेत्रा पोचली तेव्हा झटका चालूच होता. इंजेक्शनं देऊन तो थांबला तीन वीसला. डॉक्टर वयाने सुनेत्राएवढीच असेल. तापाचे झटके मुलांना येतात, म्हणाली, बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांत जातात. जात नाहीत तेव्हा लगेच आणावं लागतं. किती वेळ चालला असेल, तिने विचारलं. सुनेत्राने सांगितलं. डॉक्टरने ते लिहून घेतलं.

आठव्या दिवशी आरोही डोळे उघडून बघत होती, दूध पीत होती, आईकडे बघून थोडं हसलीही. उजव्या हाताने तिने नळी ओढायचा प्रयत्न केला. डाव्या तळव्यात सुनेत्राने बोट ठेवलं तर मूठ मिटली नाही. पुन्हा ठेवलं. डॉक्टर म्हणाली, फिजिओ सुरू करू. लहान आहे, बघू.

वैभव त्या आठ दिवसांत आईशी एकदाच बोलला. कपडे न्यायला घरी गेला होता, तेव्हा प्रिती तिथे बसलेली होती, तिनेच नंतर सांगितलं. तो ओरडला नाही म्हणे. "तीन फोटो होते, आई," एवढंच म्हणाला. "खालून प्रिती उठेना तर बाकीच्या दोन्हीतला एक दाबायचा होता." मग बाहेर पॅसेजमध्ये जाऊन त्याने देवगडला मामाला फोन लावला. इथे आता तिला ठेवता येणार नाही.

नवव्या दिवशी तो हॉस्पिटलात बसला आणि सुनेत्रा आंघोळीला घरी आली. प्रिती खाली गेली. शेवंतीबाई रघुवीरांच्या फोटोखाली भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीत. सुनेत्रा त्यांच्यासमोर बसली. रागवायचं नाही असं तिने लिफ्टमध्येच ठरवलं होतं. तिला फक्त विचारायचं होतं.

"आई, मला फोन का नाही केलात?"

"कोणाक?"

"मला. आरोहीच्या आईला."

शेवंतीबाईंनी उशीखालून फोन काढला. पदराने काच पुसली. बोट आधी वैभववर ठेवलं. "ह्यो शाळेत आसा. त्या पोराक कित्याक घाबरवू?" मग बोट सरकलं आणि त्यांचा आवाज खाली आला, शेजारच्या खोलीत कुणी निजलं असावं तसा. "आणि आवशीक कसो लावू? ही तर गेली गो. चेडू एवढासा टाकून गेली. बघ, हार घातलो हा."

सुनेत्राने पाहिलं. काळी पाटी, तपकिरी लाकडाची चौकट, त्यात काळी-पांढरी ती, गळ्यात उजळ हार. तिने मान वर करून भिंतीकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली.

"मेलेल्या माणसाक फोन लावतत काय?" शेवंतीबाई म्हणाल्या. त्या खरंच विचारत होत्या.

"मी आहे ना, आई. मीच सुनेत्रा."

शेवंतीबाईंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि तिच्या हातावर थोपटलं. "तुझा नाव पण ताच? बरा आसा."

गीझर लावायला म्हणून सुनेत्रा उठली, फोन हातातच होता. स्वयंपाकघराच्या ओट्याशी ती उभी राहिली. वैभवला सांगायला हवं होतं. तिने वाक्य जुळवून पाहिलं: आईंची चूक नाही, मी तो फोटो. तिथपर्यंत यायचं आणि पुढचा शब्द तोंडात यायचा नाही. त्याचा तो चेहरा तिला दिसत होता, आईशी बोलताना झाला असेल तो, आणि आता तो आपल्याकडे वळलेला. ती सेटिंगमध्ये गेली. मूळ थीम लागू करायची का, फोनने विचारलं. बदललेल्या गोष्टी परत मिळणार नाहीत. तिने हो दाबलं. चौकटी गेल्या, काळोख गेला. हवामान आलं, खेळ आले, दुकानं आली, दुकानातून आणल्यासारखा सगळा रंगीत पसारा.

संध्याकाळी प्रितीला आरोहीपाशी बसवून वैभव घरी आला तेव्हा आईच्या पिशवीत टाकायला म्हणून त्याने फोन उचलला. वळवून पाहिला.

"ते फोटो कुठे गेले?"

सुनेत्रा आरोहीच्या झबल्यांच्या घड्या घालत होती. "आईंनीच काहीतरी दाबलं असेल," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय मी," वैभव म्हणाला, आणि धपकन खुर्चीत बसला. सबंध आठवड्यात पहिल्यांदा त्याचे खांदे सैल झाले होते.

आरोहीला घरी आणलं त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मामांचा मुलगा गाडी घेऊन आला. शेवंतीबाई नवं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. कुठे जायचं ते त्यांना माहीत होतं, गावी, भातकापणीला. वैभवने पिशव्या उचलल्या आणि लिफ्ट अडवून धरली. त्यांनी आरोहीचा डावा हात हातात घेतला, तळवा जरा चोळला, मुका घेतला. मग सुनेत्राच्या कानाशी वाकून, तिने एकटीनेच ऐकावं अशा बेताने म्हणाल्या:

"तू बरी आसस. चेडवाक बघ हां. तिका आवस नाय."

"बघते," सुनेत्रा म्हणाली.

लिफ्ट खाली गेली, पॅसेजचं दार आपोआप लागलं. आत येऊन तिने आरोहीला मांडीवर घेतलं आणि डाव्या तळव्यात आपलं बोट ठेवलं. फिजिओने सांगितलं होतं, दर वेळी शंभरपर्यंत मोजायचं, घाई करायची नाही. ती मोजायला लागली.